पाचवीच्या कागदाची चौकशी

"मावशी, तुमचे पाय उलटे आहेत का?"

भोरच्या एसटी स्टँडवर, उन्हानं डांबर मऊ पडलेलं असताना, राजनंदिनीनं हा प्रश्न वेल्ह्याच्या फलाटासमोर बसलेल्या बाईला सरळ तोंडावर विचारला. पैज वैष्णवी आणि माधुरीची होती. त्या दोघी रसवंतीच्या पडद्याआड उभ्या राहून एकमेकींना चिमटे काढत होत्या. नववीपर्यंत हीच राजनंदिनी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा खाली बघायची. दहावीत मराठीच्या बाईंनी तिला धरूनबांधून वक्तृत्वाला उभी केली, तिनं तालुक्याची ढाल आणली आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला लगाम म्हणून राहिला नाही. मैत्रिणींना आयता खेळ मिळाला. नंदे, कंडक्टरला विचार त्याच्या मिशा खऱ्या का. नंदे, हेडसरांना विचार त्यांना दहावीला गणितात किती पडले. नंदी विचारायची. कंडक्टरनं मिशी ओढून दाखवली होती, हेडसरांनी इकडंतिकडं बघून छत्तीस सांगितले होते.

ही बाई मात्र वेगळी. वर्षभर त्या तिघी तिला बघत होत्या. रोज दुपारी बाराला ती त्याच बाकड्यावर असायची. वेल्ह्याची गाडी लागायची, सुटायची, ही काही चढायची नाही. हिरवं लुगडं असं नेसलेलं की काठ जमिनीवर लोळावा. पाय कुणी कधी पाहिले नव्हते.

बाईनं हातातला मोबाईल खाली ठेवला. राजनंदिनीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लुगड्याचा काठ वीतभर उचलला. टाचा पुढं होत्या, बोटं मागं.

"व्हय," ती म्हणाली. "उलटंच हायेत. तुझं सरळ हायेत न्हवं? मग तू कुठं निघालीस, ते सांग."

राजनंदिनीला भीती वाटायला हवी होती. पण भीतीच्या आधी राग आला, कारण गेले आठ दिवस तिच्या अंगात दुसरं काही शिल्लकच नव्हतं. सरळ पाय असून ती कुठंही निघाली नव्हती. दप्तरात नुकतीच मिळालेली मार्कलिस्ट होती, शेकडा अठ्ठ्याऐंशी. मार्कलिस्टीला चिकटून पप्पांच्या हातचा अर्ज होता, मुलीला पुढं शिकवायचं नाही, तरी दाखला मिळावा. तो तिनं ऑफिसात दिलाच नव्हता. आणि कंपासपेटीत, लाल फडक्यात गुंडाळलेला, तिच्या आयुष्याचा मालक असलेला कागद होता.

हा कागद तिच्या सगळ्या गावाला, भोंगवलीला, माहीत होता. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री पाट्यावर पूजा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. सकाळी कागद कोराच दिसतो, कारण तिचं लिहिणं माणसाला वाचता येत नाही. घरोघरी असंच होतं. राजनंदिनीच्या पाचवीला मात्र सकाळी कागदावर निळ्या शाईत दोन वाक्यं होती: 'सोळावं लागताच हिला दिल्या घरी पाठवावी. त्यापुढे घरी ठेवू नये.' पप्पांच्या चुलतीनं, रतनबाईनं, ती पाहून जी आरोळी ठोकली, तिनं अर्धं गाव गोळा झालं. तेव्हापासून कागद देव्हाऱ्यात.

सोळा वर्षं तो कागद घरात हुकूम चालवत होता. सायकल मागितली, तर सोळाला जायचंय, सायकल कशाला. कराटेचा क्लास म्हटलं, तर सासरी काय मारामारी करायचीय. आणि आता येत्या रविवारी सारोळ्याचे पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. हायवेला हॉटेल असलेल्या घरातला इंद्रजित. वय सव्वीस. लग्न अठरा झाल्यावर, कायदा आम्हालाही कळतो, असं पप्पा म्हणाले होते. पण कॉलेज नाही. जास्त शिकलेली पोरगी उलट बोलते, असं पाहुण्यांचं म्हणणं. राजनंदिनीनं आदळआपट केली, दोन दिवस जेवली नाही. आईनं डोळ्याला पदर लावून एकच वाक्य म्हटलं, की सटवीनं लिवलेलं कुणाच्या बापाला पुसत न्हाई.

सकाळी तिनं देव्हाऱ्यातून तो कागद उचलला आणि मैत्रिणींना दाखवायला आणला. वैष्णवीनं वाचून हात झटकले. असलं सगळं त्या लुगडंवालीलाच माहीत असणार, हिंमत असेल तर जाऊन विचार पाय उलटे आहेत का, म्हणाली. पैज अशी लागली होती.

राजनंदिनीनं कंपासपेटी उघडली आणि कागद बाईच्या मांडीवर आपटला. "मला इथं जायचंय म्हणे. तुमच्यातलीच कुणीतरी लिहून गेलीय."

बाईनं कागद उचलून हुंगला. मग पुन्हा हुंगला.

"सटवाईच्या लेखाला वल्या हळदीचा वास येतो. ह्याला घामाचा हाय," ती म्हणाली आणि लुगड्याच्या ओच्यातून एक कार्ड काढून तिच्या हातात दिलं. कार्ड ओलं होतं. त्यावर छापलं होतं: 'साळूबाई व मानसिंग. खासगी चौकशी. माणसे, देव, सावल्या शोधून मिळतील. मु. पो. बुडीत.'

बुडीत कुठं आलं, असं राजनंदिनीनं विचारलं. साळूबाईनं धरणाच्या दिशेला मान उडवली आणि सांगितलं ते थोडक्यात असं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गावं उठली, माणसं उठली, घरांच्या तुळयासुद्धा लोकांनी बैलगाडीत घालून नेल्या. पण बांधावरचा म्हसोबा, चिंचेवरचा मुंजा, विहिरीतल्या साती आसरा, यांना कुणी नवी जागा दाखवली नाही. त्यांनी तिथंच पाण्याखाली शहर वसवलं. मग आणखी धरणं झाली, आणखी रहिवासी आले. आता त्या शहरात पाय ठेवायला जागा नाही. सरकारी चौकशी तिथं वेताळ करतो, पण त्याच्या कचेरीत फाईल शंभर वर्षं हलत नाही, म्हणून लोक खासगीत येतात.

फी काय घेता, म्हटल्यावर साळूबाई पहिल्यांदा हसली. "आमच्याकडं समदी रडत येत्यात. रडण्यानं माग पुसला जातो बघ. तू रागात आलीस. रागानं चाललेलं पाऊल खोल उठतं, शोधायला सोपं. तीच फी."

राजनंदिनीनं रसवंतीकडं बघून पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं थांबा. आणि ती उलट्या पायांच्या बाईमागं चालू लागली. ते चालणंही एक कोडंच होतं. साळूबाई पुढं जात होती आणि तिच्या पावलांचे ठसे मागं येत होते. नंतर तिनंच सांगितलं की धंद्याला हे फार बरं पडतं, पाठलाग करणारा कायम उलट्या दिशेला जाऊन पोचतो.

स्टँडच्या मागं वडापची, सीट भरली की सुटणारी, एक जीप उभी होती, काचा नसलेली. स्टिअरिंगला बसलेला माणूस पानाची पिचकारी टाकत होता, पण चेहरा असा की बघितल्याबरोबर विसरावा. हा मानसिंग, साळूबाईचा भागीदार. जातीचा चकवा. रानात माणसाला एकाच जागी गोल गोल फिरवतो तो चकवा. राजनंदिनी चढता चढता थबकली, तेव्हा त्यानं तिला समजावलं की ताई, ज्याला सगळ्या चुकीच्या वाटा पाठ असतात, त्यालाच बरोबर वाट कळते. गावातल्या ड्रायव्हरपेक्षा आपण बरे.

जीप धरणाच्या काठानं निघाली. मे सरत आला होता, पाणी खूप खाली गेलं होतं, तळाची चिखलाची भेगाळ जमीन उघडी पडली होती आणि तिच्यातून जुना रस्ता वर आला होता, दोन्ही बाजूंना बुटक्या दगडांसकट. मानसिंगनं जीप त्या रस्त्याला घातली. रस्ता पाण्यात शिरत होता. जीपही शिरली. राजनंदिनीनं नाक दाबलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ काहीच झालं नाही म्हणून उघडले.

शहर होतं. खरोखरचं, गजबजलेलं, हॉर्नं वाजणारं. घरांवर घरं चढलेली, प्रत्येकाच्या दारात शेंदूर. चौकात साती आसरा वाहतूक आवरत होत्या, सातींच्या सात शिट्ट्या आणि एकीचं दुसरीला पटत नव्हतं. वेताळाची पालखी रिक्षांच्या गर्दीत अडकलेली. एका माडीवर पाटी होती, मुंज्यांसाठी दहावीचे वर्ग, आणि आत शेंड्यांची रांग पाढे म्हणत बसलेली. वर आभाळ म्हणून पाण्याची खालची बाजू होती. कावळ्यांच्या जागी मासे फिरत होते, आणि मधूनच एखाद्या मच्छीमाराच्या होडीचं बूड ढगासारखं सरकून जायचं. चौकातलं घड्याळ बाराला थांबलेलं होतं. इथं कायम बाराच, मानसिंग म्हणाला, आम्हाला तीच वेळ मानवते.

दुसऱ्या एखाद्या दिवशी राजनंदिनी इथं हरखून गेली असती. आज तिला फक्त एक बाई, सटवाई, भेटायला हवी होती. वाटेत साळूबाईनं विचारलं, लग्न झाल्यावर काय करायचं ठरवलं होतंस? राजनंदिनी म्हणाली, मी काही ठरवलंच नव्हतं, मला ठरवायला कुणी काही ठेवलं होतं का? साळूबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

"मला चौदाव्याला दिलं व्हतं. वेल्ह्याच्या खोऱ्यात," ती म्हणाली. "पंधराव्याला बाळंतपणात गेले. पाय तवा फिरलं. समदी म्हनली, सटवीनंच लिवलं व्हतं. मला तवा राग कसा करायचा ते ठावं न्हवतं."

सटवाईचं दप्तर चावडीसारख्या लांबट इमारतीत होतं. आत कमरेएवढ्या उंचीचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठा रुमालात बांधलेला, वर गावाचं नाव. मधोमध एक वाळकी, हळदीनं पिवळी झालेली बाई चष्मा कपाळावर सारून बसली होती. बोटं शाईनं काळीनिळी. समोर कसल्या कसल्या पेनांचा ढीग, आणि त्यातलं एकेक झटकून ती शिव्या घालत होती. माणसं हल्ली जेल पेन ठेवतात म्हणे, ते सुकलेलं असतं, आणि मग अर्धं नशीब फिकट उठलं की परत हिच्याच नावानं खडे फोडतात.

राजनंदिनी साळूबाईच्या पुढं झाली. वक्तृत्वाच्या ढालीची मुलगी, पण इथं सुरुवातीला श्रोतेहो वगैरे काही नव्हतं.

"माझ्यावर काय लिहिलंत तुम्ही, वाचा एकदा," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी टक्के मार्क आहेत मला. ते पण तुम्हीच लिहिले होते का? मग ते लिहून पुढं हे कशाला लिहिलंत? माझी आई रोज तुमच्या कागदाला हात जोडते. तिच्या तोंडून मी आजवर एकदाही 'तुला काय पाहिजे' ऐकलं नाही. का, तर तुम्ही लिहून ठेवलंय."

साळूबाईनं पुढं होऊन कागद सटवाईसमोर ठेवला. सटवाईनं चष्मा डोळ्यांवर ओढला, दोन ओळी वाचल्या, आणि तिचा पिवळा चेहरा तांबडा होत गेला.

"हे माझं न्हाई," ती म्हणाली. "मी कागदावर लिवतच न्हाई, येडे. कागद निस्ता मान म्हनून. मी लिवते ती कपाळावर. आन कागद कोरा असंल तरच लिवते. भरल्या कागदाच्या घरात मी हात लावत न्हाई, तसा नेमच हाय माझा."

तिनं भोंगवलीचा रुमाल सोडला. सोळा वर्षांपूर्वीची पानं उलटली. प्रत्येक पानावर मुंग्यांसारखी बारीक अक्षरं होती, एका पानावर सोडून. त्या पानावर वर राजनंदिनी गोरख एवढंच नाव, खाली सगळं पान मोकळं, आणि कडेला एक शेरा: कागद आधीच भरलेला होता. दिवा बघून परत आले.

राजनंदिनीला आधी कळेचना. मग कळलं. म्हणजे सोळा वर्षं सगळे ज्याच्या पाया पडत होते, ते कुणाचं तरी साधं हस्ताक्षर होतं. कुणीतरी पाचवीच्या रात्री, बाळ झोपलेलं असताना, पाट्यासमोर बसून लिहिलं होतं.

"रतनबाई," ती लगेच म्हणाली. "तीच. तिलाच घाई असते पोरींना उजवायची."

साळूबाईनं तिला खाली बसवलं. तिची काम करायची रीत अशी होती, की माग शेवटाकडून काढायचा आणि एकेकाला वाटेतून बाजूला करत यायचं. त्या रात्री घरात लिहिता येणारं कोण कोण होतं, तिनं विचारलं. राजनंदिनीनं आठवून सांगितलं. रतनबाई नाही, ती आजही अंगठा उठवते. आई तापानं फणफणलेली होती, दोन दिवस तिला शुद्ध नव्हती, हे तर आई स्वतःच सांगते. स्नेहल आत्या त्याच्या आधी दोन वर्षं घर सोडून गेलेली, पुण्याच्या मुलाबरोबर, म्हणून तर घरात तिचं नाव काढत नाहीत. आजोबा त्याआधीच वारलेले.

आणि मग ती थांबली.

"पप्पा नाही," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं. पप्पा तो कागद वाचताना दर वेळी रडायचे, तिनं स्वतः बघितलं होतं, आणि खोटं लिहिणारा माणूस रडतो कशाला?

मानसिंग दारात टेकून उभा होता. पान थुंकून तो आत आला. "ताई, मी इतकी माणसं फिरवली रानात. मानूस वाट चुकत न्हाई. एखादी वाट त्याला बघायची नसती, म्हनून तो तिच्याकडं पाठ करून चालतो, आन मग गोल फिरतो. मला निस्तं मागं राहावं लागतं. तुझ्या दप्तरात अजून एक कागद हाय. तो काढ."

तिला तो काढायचा नव्हता. शेवटी राजनंदिनीनंच दप्तराची चेन ओढली.

सटवाईनं पाचवीचा कागद आणि पप्पांचा अर्ज एकमेकांशेजारी उजेडाला धरले. वरून पाण्यातून उतरणारा हिरवा उजेड दोन्हीतून आरपार आला. सोळा वर्षांत अक्षर बदललं होतं, गोलाई गेली होती. पण लिहिणाऱ्याची एक खोड गेली नव्हती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो पूर्णविराम इतका दाबून देत होता की कागदाला भोक पडत होतं. पाचवीच्या कागदात दोन भोकं. अर्जात पाच. सातही टिपक्यांतून सटवाईच्या पिवळ्या हातावर उजेड पडला होता.

राजनंदिनीच्या वह्यांच्या आवरणांवर तिचं नाव पप्पाच टाकायचे. पहिलीपासून. प्रत्येक नावापुढं पूर्णविराम आणि प्रत्येक आवरणाला भोक, आणि ती शाळेत सगळ्यांना दाखवायची की बघा, माझे पप्पा किती जोरात लिहितात.

राजनंदिनी रडली नाही. तिनं दोन्ही कागद परत घेतले आणि घडी न घालताच दप्तरात कोंबले. मग सटवाईकडं वळून म्हणाली, आता तरी लिहा. पान मोकळं आहे ना? लिहा, सायन्स. लिहा, मोठी होईल. काहीतरी चांगलं लिहा, सोळा वर्षांचं थकलंय माझं.

सटवाईनं मान हलवली. "पाचवी एकदाच येते. आता तुझं कुनीच लिवनार न्हाई, म्या बी न्हाई. पास हुशील का नापास, ठावं न्हाई. पोटाला मिळंल का न्हाई, ठावं न्हाई. बाकीच्यांना निदान बोट दाखवायला मी असते. तुला मीबी न्हाई."

"म्हणजे मी फसले तर?"

"फसलीस तर तुझी तू," सटवाई म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम चढला. "समदी माझ्या नावावर खपवत्यात. पोरगी द्यायची, म्हनं सटवीनं लिवलं. पोरगी जळाली, म्हनं सटवीनं लिवलं. भ्याड मेली. स्वतःच्या भित्रेपनावर माझी सही मारत्यात, आन रात्री दिवा लावून मलाच घुगऱ्या खाऊ घालत्यात. जा, सांग जाऊन त्यांना."

जीप परत निघाली. राजनंदिनीला मोकळं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. आजवर निदान भांडायला एक कागद होता. आता समोर काहीच नव्हतं, नुसतं मोकळं पान. स्टँडवर साळूबाई आपल्या बाकड्यावर परत बसली आणि मोबाईल उघडला. तिची दुसरी केस वेल्ह्याच्या गाडीनं यायची होती. राजनंदिनी घुटमळली तेव्हा ती वर न बघताच म्हणाली, की चौकशी इथं संपली, पुढं घरात काय करायचं ते आमच्या धंद्यात येत नाही.

रसवंतीच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. वैष्णवीचा रस अजून अर्धा होता. काय म्हणाली, पाय उलटे आहेत का, दोघींनी एकदम विचारलं. आहेत, राजनंदिनी म्हणाली, आणि भोंगवलीच्या गाडीत जाऊन बसली.

गाडी दोन तास उशिरा सुटली, आणि ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आई ओट्यावर रविवारच्या पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत होती. पप्पा फवारणीचा पंप खोलून बसले होते, हाताला ग्रीस. रिकामा देव्हारा आईच्या दुपारीच लक्षात आला होता, आणि तिनं सगळं घर उलथंपालथं केलं होतं. पोरीच्या हातात लाल फडकं बघून तिनं कपाळावर हात मारला. सटवीचा कागद उंबऱ्याबाहेर नेलास, आता काय व्हायचं, म्हणून ती बोलत सुटली.

राजनंदिनीनं सुपात, तांदळावरच, दोन्ही कागद ठेवले. शेजारी शेजारी.

"पप्पा," ती म्हणाली, "हा अर्ज कुणी लिहिला?"

म्याच की, पप्पा म्हणाले, तू दिला न्हाईस व्हय?

"आणि हा?"

पंपाचा वॉशर पप्पांच्या बोटांतून सुटला आणि गडगडत ओट्याखाली गेला. ते उचलायला वाकले आणि बराच वेळ वर उठले नाहीत. आई एकदा कागदांकडं, एकदा नवऱ्याच्या पाठीकडं बघत होती. मग तिनं दोन्ही कागद उचलून उन्हाकडं धरले, अगदी सटवाईनं धरले होते तसेच. भोकं तिलाही दिसली. लग्नानंतरचं पहिलं पत्र तिला याच अक्षरात आलं होतं, पण सटवीच्या कागदात ते शोधावं असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

पप्पा बोलले ते खाली मान घालूनच. स्नेहल गेली तेव्हा लोकांनी दारावरून जाताना थुंकायचं बाकी ठेवलं होतं. महिन्याभरात आजोबा गेले. आणि मग पोरगी झाली. पाचवीच्या रात्री त्यांना झोप लागेना, कोरा कागद बघून धडकी भरली. त्यात काहीही लिहिलं जाऊ शकत होतं.

"म्हनलं, आधी आपुनच लिवून ठिवलं तर सटवाई बी तेच गिरवंल," ते म्हणाले. "सकाळी फाडनार व्हतो. पर रतन चुलती आधी उठली. मग समदं गाव आलं. कुनाकुनाला सांगू?"

"मला," आई म्हणाली. "मला सांगायचं व्हतं."

ती कधी आवाज चढवायची नाही, आताही चढवला नाही. पण सूप बाजूला सारून ती उभी राहिली तेव्हा राजनंदिनीलाच दोन पावलं मागं सरावंसं वाटलं.

"सोळा वर्सं म्या तुमच्या अक्षराला हळदकुकू व्हायलं? पोरीनं सायकल मागितली तवा रात्रभर रडले म्या. म्हनलं, सटवे, एवढं तरी बदल. आन तुमी शेजारी झोपला व्हता."

पप्पांनी हाताचं ग्रीस पुसलं. त्यांनी एवढंच म्हटलं, की आता पाहुण्यांना शब्द दिलाय, चार माणसांत बोलणं झालंय, रविवार तोंडावर आलाय, आणि शेवटी नशिबात असेल ते असेलच.

तोच शब्द, नशीब. आत्ताही, हे सगळं झाल्यावरही. राजनंदिनी पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, आणि ओरडायला कारणही होतं, पण आवाज निघाला तो ढालीच्या दिवशीचा, स्टेजवरचा, शेवटच्या रांगेपर्यंत सरळ जाणारा.

"माझ्या नशिबात काहीही लिहिलेलं नाही, पप्पा. तुमच्यामुळंच राहिलं ते. मी फसेन, नापास होईन, काय व्हायचं ते होईल, पण तुम्हाला ते आधी माहीत नसेल. मी अकरावी सायन्सचा ऑनलाईन फॉर्म भरणार आहे, उद्या सकाळी, भोरला जाऊन. कॉलेजांत पहिलं नाव भोरचंच टाकणार. रविवारी पाहुणे आले तर येऊ द्यात, त्यांची काही चूक नाही. मी स्वतः दारात उभी राहून त्यांना सांगणार आहे की चहा घ्या आणि जा, इथं सुपारी फुटणार नाही."